तीन फुटी टाकीला फिल्टर एक की दोन, आणि कोणते?

निळाई
टाकी ९० × ४५ × ४५ सेंमी. मासे: ४ एंजल, ६ कोरीडोरा, १ ब्रिसलनोझ प्लेको. तळाला बारीक खडी, अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधलेली. सध्या एकच हँग-ऑन (टाकीच्या कडेला बाहेरून लटकणारा) फिल्टर आहे. खोक्यावर ताशी ६०० लिटर लिहिलंय, आत कंपनीचं तयार कार्ट्रिज. अमोनिया, नायट्राइट शून्य. तक्रारी दोनच. लाकडामागे गाळ साचून राहतो, आणि दर महिन्याला कार्ट्रिज बदललं की पुढचे तीन-चार दिवस पाणी दुधट दिसतं.
दुसरा फिल्टर घ्यायचा हे नक्की. ताशी १००० लिटरचा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्यावा की एअरपंपावर चालणारा साधा स्पंज पुरेल? कॅनिस्टर घेतला तर हँग-ऑन काढून टाकायचा का? आणि दोन्ही ठेवले तर एंजल्सना झोत सोसवेल का?

गाळणीवाला
आधी पाणी मोजा, मग फिल्टर. ९० × ४५ × ४५ म्हणजे कागदावर १८२ लिटर. पण काच ८ मिमी जाडीची धरली तर आतली मापं ८८.४ × ४३.४ होतात. वर चार सेंमी रिकामं, खाली काचेची जाडी, म्हणजे पाण्याची उंची साधारण ४० सेंमी. हे झाले १५३ लिटर. त्यातून खडी आणि लाकूड वजा केलं की हातात १४० च्या आसपास राहतं. औषधाची मात्रासुद्धा याच आकड्यावर काढायची, १८२ वर नाही.
आता खोक्यावरचा आकडा. तो रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज नाही, पाणी उंच चढवायचं नाही. मीडिया (स्पंज, रिंगा वगैरे आतली भरणी) भरून आठवडा झाला की त्यातलं ५०-६० टक्के उरतं. म्हणजे तुमचा ६०० वाला प्रत्यक्षात ३००-३५० देत असणार, ताशी अडीच फेऱ्यांच्या आत (टाकीभर पाणी एकदा फिल्टरमधून गेलं की एक फेरी). तुमच्याकडच्या माशांना प्रत्यक्षातल्या चार-पाच फेऱ्या हव्यात. गोल्डफिश किंवा ऑस्कर असते तर आठ म्हटलं असतं.
अंदाज नको असेल तर मोजून बघा. कॅनिस्टरचा बाहेर पडणारा पाइप ५ लिटरच्या बादलीत धरायचा आणि सेकंद मोजायचे. ४० सेकंदांत भरली तर ताशी ४५० लिटर. मात्र बादली टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धरायची. जमिनीवर ठेवून मोजलं तर सायफनचा जोर मोटरीच्या जोरात मिसळतो आणि आकडा उगाच फुगतो.

खवले
वरचा हिशोब बरोबर, पण या टाकीचा खरा घोळ लिटरचा नाही. फिल्टरमधले जिवाणू माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत, म्हणजे आहे त्या फिल्टरमध्ये हे काम होतंय. बिघाड कार्ट्रिजमध्ये आहे. एकाच कापडी पिशवीत गाळ अडवायचा, तिथेच जिवाणू वाढवायचे आणि महिन्याने तीच पिशवी कचऱ्यात टाकायची. घर बांधायचं आणि दर महिन्याला पाडायचं. दुधट पाणी त्याचंच. पुढच्या वेळी कार्ट्रिज बदलल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया-नायट्राइट तपासा. तेव्हा शून्य नसायची शक्यता बरीच आहे.
दोन फिल्टर लावण्याचा अर्थ समजून घ्या. दोन फिल्टर म्हणजे दुप्पट जिवाणू नव्हे. जिवाणू किती, हे त्यांच्या खाण्यावर ठरतं, आणि खाणं म्हणजे माशांनी सोडलेला अमोनिया. मासे तेवढेच, खाऊ तेवढाच, तर जिवाणूही तेवढेच, फक्त दोन घरांत वाटलेले. फायदा असा की एक घर धुतलं तरी दुसरं शाबूत राहतं. म्हणून जोडी निवडताना एकच प्रश्न विचारायचा: यातला वारंवार धुवायचा कोणता आणि हात न लावायचा कोणता? दोन्हींचं उत्तर एकच येत असेल तर दुसऱ्या फिल्टरचे पैसे वाचवा.

सहज_सुचलं
+१. धुवायचा आणि न धुवायचा, हे आवडलं.
अंडरग्रॅव्हलचं, म्हणजे खडीतूनच पाणी गाळणाऱ्या फिल्टरचं, कोणी नावच काढत नाही. खडी आहेच, खाली जाळी टाकली की झालं. वेगळा डबा नाही, पाइप नाही.

तळठाव
अंडरग्रॅव्हल वाईट नाही, पण चालू टाकीत मागाहून बसत नाही. सगळी खडी काढावी लागेल आणि तिच्यातला गाळ वर येईल. नव्या टाकीत लावायचा तर खडी ३-५ मिमीची आणि थर ५-७ सेंमीचा हवा. वाळू चालत नाही, जाळीच्या फटीतून खाली जाते. शिवाय खडी दर आठवड्याला सायफनने उपसावी लागते. तेवढं केलं नाही तर गाळ जाळीखाली बसतो, आणि तिथे हात पोचायचा तर टाकी मोडावी लागते. वरच्या व्याख्येत बसवायचं तर हा ‘सतत धुवावा लागणारा पण धुता न येणारा’ फिल्टर. कोरी दिवसभर खडी उकरतात, तेही इथे सोयीचं नाही.

सहज_सुचलं
बरं, मागे घेतो.

बुडबुडा
स्पंज फिल्टरला लोक स्वस्तातली तडजोड समजतात. त्याची बाजू मांडतो.
एअरपंपाची हवा नळीतून खाली जाते आणि उभ्या पाइपात बुडबुडे सोडते. पाणी-बुडबुड्यांचं मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर चढतं आणि खालून स्पंजमधून नवं पाणी ओढलं जातं. हवा जितकी खोल सुटेल आणि पाइप जितका उंच, तितकी ओढ जास्त. म्हणून तोकडा पाइप पाण्याच्या अर्ध्यावर संपत असेल तर जोडून तो पृष्ठभागाच्या किंचित खालपर्यंत न्या. पाइपाच्या आत लहानसा एअरस्टोन बसवला की बुडबुडे बारीक होतात, ओढ वाढते आणि तो गडगड आवाजही बसतो.
स्पंज मध्यम छिद्रांचा घ्या, २० ते ३० पीपीआयचा. पीपीआय म्हणजे एका इंचात किती छिद्रं. ४५ चा स्पंज पाणी सुंदर गाळतो आणि दोन आठवड्यांत गच्च होतो. गच्च झाल्याची खूण म्हणजे वरचे बुडबुडे तसेच दिसतात, पण पाइपाच्या तोंडावर पाण्याचा उमाळा येत नाही.
धुताना स्पंज सरळ वर ओढू नका, सगळा गाळ टाकीत सांडतो. हवा बंद करा, पाण्याखालीच स्पंजवर पिशवी चढवा आणि पिशवीसकट बाहेर काढा. टाकीतून काढलेल्या पाण्यात चार-पाच वेळा पिळा. पाणी काळ्याचं चहाच्या रंगावर आलं की थांबा. स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळत बसणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ते जिवाणूच पिळत असतात. नळाखाली तर नाहीच, क्लोरीन असतं.
आणि हवेच्या नळीत नॉन-रिटर्न वाल्व विसरू नका. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं, तिथून जमिनीवर. वाल्वची दिशा तोंडाने फुंकून बघा. पंपाकडून फुंकलं तर हवा जायला हवी, टाकीकडून फुंकलं तर अडायला हवी.
पण तक्रार गाळाची आहे, तिथे स्पंज कमी पडेल हेही सांगतो. त्याची ओढ मंद असते, लाकडामागचं तो ओढणार नाही.

निळाई
म्हणजे गाळासाठी कॅनिस्टर, आणि हँग-ऑनमधलं कार्ट्रिज काढून दुसरं काहीतरी? कार्ट्रिजच्या जागी काय भरायचं ते नीट सांगाल का?

गाळणीवाला
हो, पण क्रमाने, आणि आत्ता काही फेकू नका.
हँग-ऑनमध्ये पाणी आतल्या नळीने एका बाजूला चढतं, कप्प्यातून आडवं जातं आणि ओठावरून टाकीत पडतं. म्हणजे नळीच्या बाजूला जाड छिद्रांचं, ओठाच्या बाजूला जिवाणूंचं. २० पीपीआयचा स्पंज कप्प्याच्या रुंदीपेक्षा ३-४ मिमी जास्त कापा, दाबून बसायला हवा. सैल बसला तर पाणी कडेच्या फटीतून निघून जातं, स्पंज महिनोन्महिने शुभ्र राहतो आणि आपण खूश होतो. त्याच्या मागे सिरॅमिक रिंगा जाळीच्या पिशवीत. पिशवी ठासून भरू नका.
जुन्या कार्ट्रिजची प्लास्टिक चौकट कापा, आतला कार्बन झटकून टाका आणि ते कापड घडी करून स्पंज आणि रिंगांच्या मधे खुपसा. दिसायला ते घाणेरडं दिसेल, पण सगळी वस्ती त्यातच आहे. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या, मग काढा.
जास्त भरलं गेलंय का हे कळायची खूण: नळीच्या कप्प्यातली पातळी वाढते आणि पाणी मीडियाला वळसा घालून बाजूच्या खाचेवरून सांडू लागतं. तसं दिसलं की एकतर कमी करा, नाहीतर स्पंज धुवा.

अथांग
कॅनिस्टरबद्दल. बहुतेक मॉडेलांत पाणी तळाशी शिरून वर चढतं, त्यामुळे भरणी खालून वर: तळाच्या ट्रेमध्ये जाड स्पंज, मग मध्यम, मग सिरॅमिक रिंगा किंवा सच्छिद्र काचेचं मीडिया. पण काही मॉडेलांत पाणी बाजूच्या स्पंजमधून आधी तळाला उतरतं, काहींत उलटीच वाट असते. ट्रे भरण्याआधी डबा उघडून पाणी कुठून कुठे जातं हे स्वतः बघा. क्रम उलटा झाला तर रिंगांच्या छिद्रांत गाळ बसतो, आणि रिंगा महाग घ्या की स्वस्त, मग त्या नुसते दगड.
रिंगा वापरण्याआधी बादलीत खळबळून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी टाकी पिठूळ होते. शेवटच्या ट्रेमध्ये फिल्टर वूलचा (कापसासारख्या धाग्यांचा) पातळ थर टाकला की पाणी काचेसारखं होतं.

खवले
वूल कॅनिस्टरमध्ये नको. कॅनिस्टर सहा-आठ आठवड्यांनी एकदा उघडायचा, आणि वूल दोन आठवड्यांत चोंदतं. म्हणजे पुढचा महिनाभर प्रवाह निम्मा. एका पातळ कापडासाठी वाल्व बंद करा, पाइप काढा, डबा उचला, पुन्हा हवा काढा, हे दर पंधरवड्याला कोणी करत नाही.

अथांग
वूलशिवाय बारीक कण फिरत राहतात. पाणी नितळ दिसत नाही.

खवले
वूल हवंच, फक्त हाताशी येईल अशा जागी. हँग-ऑनचं झाकण उचललं की दहा सेकंदांत बदलता येतं, म्हणून ते तिथे, स्पंजच्या पुढ्यात सुटं ठेवायचं. आणि कॅनिस्टरच्या पाणी ओढणाऱ्या नळीच्या टाकीतल्या तोंडावर प्रीफिल्टर स्पंज. तो दर आठवड्याला पाणी बदलताना पिळायचा. मग जाड गाळ प्रीफिल्टरवर, बारीक गाळ वूलवर, दोन्ही डब्याबाहेर. कॅनिस्टरमध्ये जवळजवळ स्वच्छ पाणी पोचतं, तो उघडावाच लागत नाही. हाच तो हात न लावायचा. हँग-ऑन धुवायचा.

अथांग
पटलं. प्रीफिल्टरची मात्र आठवण ठेवा. तो चोंदला तर कॅनिस्टरचा प्रवाह सगळ्यात आधी मरतो आणि लोक इम्पेलर (मोटरीचं पाणी ढकलणारं चक्र) उघडून बसतात.

निळाई
कार्बनचं काय? कार्ट्रिज गेलं की कार्बनही गेला.

बुडबुडा
गेला तर जाऊ द्या. कार्बन लाकडाचा पिवळेपणा, वास आणि औषधं शोषतो. अमोनिया आणि नायट्रेटला तो काही करत नाही. तीन-चार आठवड्यांत त्याची क्षमता संपते, मग तो साधा मीडिया. डब्यात एक पिशवी ठेवा, औषधाचा कोर्स संपला की ते उतरवायला वापरा. आणि औषध चालू असताना कार्बन आत असेल तर औषध माशाला नाही, कार्बनला दिलंत.

तळठाव
झिओलाइट (फिल्टरमध्ये घालायचं खनिज) कुणी सुचवला तर एवढं लक्षात ठेवा: तो अमोनिया धरतो, पण टाकीत मीठ घातलं की धरलेला अमोनिया सोडतो. त्याला रिचार्ज मिठाच्या पाण्यातच करतात. आजारी माशासाठी मीठ आणि फिल्टरमध्ये झिओलाइट ही जोडी घातक.
शिवाय नायट्रेट. एवढे फिल्टर जोडूनही तो कुठे जात नाही, उलट फिल्टर जितका चांगला तितका तो नेमाने तयार होतो. दर आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदलणं सुटत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर डीक्लोरिनेटरची (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाची) मात्रा बाटलीवर त्यासाठी वेगळी दिलेली असते, ती वापरा. क्लोरामाइन तुटताना अमोनिया सुटतो.

पाणकोंबडी
झोताचा प्रश्न राहिला. एंजल उभट अंगाचे आणि लांब परांचे, सतत प्रवाहाविरुद्ध पोहायला लागले तर दमतात. खूण सोपी: मासा एकाच कोपऱ्यात लाकडाआड उभा राहतो आणि खायलाच तेवढा बाहेर येतो.
कॅनिस्टरचा झोत एका नळीतून सरळ सोडू नका. स्प्रे-बार लावा, म्हणजे भोकं पाडलेला आडवा पाइप, आणि भोकं मागच्या काचेकडे किंवा किंचित वर वळवा. पाणी काचेवर आपटून पसरतं, जोर मोडतो, फेऱ्या तेवढ्याच राहतात. भोकं फार बारीक असतील तर जोर उलट वाढतो. तेवढाच बार, भोकं थोडी मोठी, की काम झालं. एक टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवा, वरचा तेलकट तवंग तिथेच फुटतो.
दोन्ही फिल्टरचे प्रवाह एकमेकांवर सोडू नका. डावीकडून एक आणि उजवीकडून एक सोडला तर मधोमध जिथे ते भिडतात तिथे पाणी थांबतं आणि सगळा गाळ नेमका तिथे बसतो. दोघांनी मिळून एकाच दिशेने पाणी फिरवायचं. मग माशांच्या खाण्याची चिमूटभर पूड पाण्याखाली सोडा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. पूड जिथे जाऊन बसेल तिथे कॅनिस्टरची ओढणारी नळी. तुमच्या टाकीत ती जागा बहुतेक लाकडामागेच निघेल. लाकूड मागच्या काचेपासून चार बोटं पुढे घ्या, म्हणजे मागून पाणी वाहील.

गाळणीवाला
पूड वाली युक्ती मस्त आहे. फक्त ती खाण्याच्या वेळेआधी नको, कोरी पूड बसूच देणार नाहीत.

उपद्व्यापी
वीज गेली तर? कॅनिस्टर बंद पडला की जिवाणू मरतात म्हणे. मग दोन तास वीज गेली की सगळं मुसळ केरात?

खवले
हिशोब करून बघा. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला जिवाणूंना साधारण ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. २६ अंशाच्या पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम प्रति लिटर विरघळतो. कॅनिस्टरच्या डब्यात समजा ६ लिटर पाणी, म्हणजे ५० मिलिग्रॅमसुद्धा नाही. प्रवाह चालू असतो तोवर नवा येत राहतो. थांबला की बंद डब्यात तेवढ्यावरच निभवायचं, आणि त्यात अडकलेला गाळही सडताना ऑक्सिजनच खातो. म्हणून गाळाने भरलेला कॅनिस्टर लवकर बिघडतो आणि स्वच्छ कॅनिस्टर बराच तग धरतो. प्रीफिल्टरचं हेही एक कारण.
वीज अर्ध्या तासात आली तर काही करू नका. दोन-तीन तासांच्या वर गेली तर आपोआप सुरू होऊ देऊ नका, प्लग काढून ठेवा. मग डबा उघडून वास घ्या. कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर आतलं पाणी ओतून टाका, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मग लावा. तसाच चालू केला तर ते सगळं पाणी एका झटक्यात माशांवर.
हँग-ऑनचा कप्पा वरून उघडा असतो, त्याला तितकी भीती नाही. त्याची कटकट वेगळी: टाकीतली पातळी खाली असेल तर वीज आल्यावर तो पाणी ओढत नाही आणि मोटर कोरडी फिरते. कप्प्यात दोन मग पाणी ओतलं की पकडतो.

बुडबुडा
म्हणूनच कोपऱ्यात एक छोटा स्पंज असावा, बॅटरीच्या एअरपंपावर चालेल असा. टाकीत कायम असेल तर त्यावर वस्ती तयारच असते. वीज गेली की फक्त नळी बदलायची.

निळाई
सगळ्यांचे आभार, वाचनखूण केली आहे. कॅनिस्टर घेतला, स्प्रे-बार लावला, हँग-ऑनमध्ये स्पंज, रिंगा आणि जुनं कापड. बुडबुडा यांचा छोटा स्पंजही ठेवला. दहा दिवसांनंतरची स्थिती: गाळ जवळजवळ नाही, एंजल मधोमध फिरतात. पण दोन गोष्टी. कॅनिस्टर दर काही मिनिटांनी गुडगुडतो आणि स्प्रे-बारमधून बुडबुडे थुंकतो. चार-पाच वेळा हलवून हवा काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि आजचा नायट्राइट ०.२५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), अमोनिया शून्य. हँग-ऑनमधलं जुनं कापड फारच काळं झालं होतं, म्हणून परवा काढून टाकलं.

अथांग
हवा नव्या डब्याची असती तर दोन-तीन दिवसांत निघून गेली असती. रोज नवी येते आहे, म्हणजे कुठून तरी आत शिरते आहे. छोटा स्पंज कुठे ठेवलाय? कॅनिस्टरच्या ओढणाऱ्या नळीजवळ?

निळाई
हो, त्याच कोपऱ्यात. दोन्ही लाकडाआड लपतात म्हणून. मधे एक वीत असेल.

अथांग
मग उत्तर मिळालं. स्पंजचे बुडबुडे नळी ओढून घेते, ते डब्याच्या डोक्यात इम्पेलरपाशी जमतात आणि गुडगुडतात. स्पंज दुसऱ्या टोकाला न्या. बॅटरीचा पंप नुसता जोडून ठेवायचा असेल तर एरवी स्पंज साध्या एअरपंपावर मंद चालू द्या, वस्ती जिवंत राहते.
तरीही हवा आली तर दुसरी जागा झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी). ती बाहेर काढून वाळूचा कण किंवा केस अडकलाय का बघा, खाच पुसा, आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेली नको, काही रबरं तिच्याने फुगतात. तिसरी जागा ओढणाऱ्या बाजूच्या होजचे जोड. तिथे पाणी गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून हात लावून ओलं लागत नाही. नट हलके घट्ट करून बघा.

खवले
नायट्राइट कापडामुळेच. चार ते सहा आठवडे म्हटलं होतं, दहा दिवसांच्या आतच निघालं. नव्या रिंगांवर अजून काही नाही, कॅनिस्टरमध्येही नाही. अमोनिया खाणारे जिवाणू लवकर सावरतात, नायट्राइट खाणारे मागे पडतात, म्हणून आधी नायट्राइट दिसतोय.
घाबरण्यासारखं नाही. आज ३० टक्के पाणी बदला, परवा पुन्हा तपासा. खाणं निम्म्यावर आणा, एक दिवस उपास घडला तरी एंजलला काही होत नाही. कापड अजून फेकलं नसेल आणि ओलं असेल तर परत घाला. वाळलं असेल तर राहू द्या. पुढचे दोन आठवडे एकही स्पंज धुवायचा नाही. फक्त प्रीफिल्टर, तोही हलका. नायट्राइट सलग दोन वेळा शून्य आला की मग नेहमीचं.
आणि पाण्याचा पीएच तपासून ठेवा. साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात. वर तो ८ च्या आसपास असेल तर अमोनियाचं प्रत्येक पाऊल जपून: पीएच ७ ला २५ अंशात एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांहून जास्त.

निळाई
पीएच ७.४. कापड बादलीतच होतं, ओलं. परत घातलं. स्पंज दुसऱ्या टोकाला नेला, गुडगुड बंद.

उपद्व्यापी
आता नेहमीचं वेळापत्रकही कोणीतरी लिहून टाका. दर शनिवारी सगळं धुवायचं की काय?

गाळणीवाला
शनिवारी प्रीफिल्टर पिळायचा आणि पाणी बदलायचं. पंधरवड्याने हँग-ऑनमधलं वूल बदलायचं, महिन्याने त्याचा स्पंज. कॅनिस्टर दोन-तीन महिन्यांनी, आणि ज्या आठवड्यात तो उघडाल त्या आठवड्यात हँग-ऑनला हात नाही. छोटा स्पंज या दोघांच्या मधल्या आठवड्यात. रिंगा धुवायच्या नाहीत, फक्त टाकीच्या पाण्यात दोनदा बुडवून काढायच्या. इम्पेलर कॅनिस्टर उघडाल तेव्हाच काढा, खोबणीतला चिकट थर कापसाच्या काडीने पुसा. त्याचा सिरॅमिक दांडा जपा, ओट्यावर पडला तरी तुटतो.

पाणकोंबडी
एक राहिलं. कॅनिस्टर आणि पंपांच्या वायरी प्लगपर्यंत सरळ नेऊ नका. प्लगच्या खाली यू आकाराचा झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि कॅनिस्टर पसरट टबात ठेवा. ओ-रिंग झिरपायला लागली तर टबात पाणी दिसेल, फरशीवर कळायला फार उशीर होतो.

निळाई
टब आणलाय. वायरींना झोळ आत्ता देतो.